साळसूद चेहऱ्याची चपराक : उपहास वाचावा कसा, लिहावा कसा

"चार दिवसांआड पाणी सोडून नागरिकांना संयमाची सवय लावल्याबद्दल प्रशासनाचे जाहीर आभार." असा मजकूर सोलापुरात मोबाइलवर फिरू लागला की कुणी हसून पुढे पाठवतो, तर कुणी चिडून विचारतो, "आभार कसले मानताय ओ?" एखादा मात्र वाचून गप्प बसतो. टोला पाण्याइतकाच मुकाट्यानं पिंपं भरणाऱ्या आपल्यावरही आहे, हे त्याला कळलेलं असतं. असं वाचता यावं आणि लिहिणाऱ्याला असा मजकूर दोन ओळींच्या पुढे नेता यावा, म्हणून हा लेख.

आधी थोडी वाटणी करून घेऊ. नुसत्या विनोदाला समोरचा हसला की पुरतं. उपहासाला तेवढ्यानं पोट भरत नाही. त्याला कुणाचं तरी ढोंग उघडं पाडायचं असतं आणि जमलं तर त्याला थोडं लाजवायचं असतं. उपरोध, अतिशयोक्ती, विडंबन ही सगळी त्याची अवजारं आहेत. उपरोध म्हणजे उलट बोलणं, विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या शैलीची नक्कल. दोन्ही सुटी सुटी वापरता येतात, पण नुसता टोमणा मारला म्हणून उपहास होत नाही. टोमण्यात बोलणाऱ्याचा राग दिसतो. उपहासात बोलणारा बहुतेक वेळा खूशच असतो आणि राग वाचणाऱ्याला येतो.

वाचताना : बोलतोय कोण?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण निम्मे गैरसमज इथेच होतात. उपहासात 'मी' म्हणणारा माणूस आणि लेखक हे एकच नसतात. लेखकानं एक सोंग उभं केलेलं असतं आणि त्या सोंगाला आपण बोलतोय त्यात काही वावगं आहे असं मुळीच वाटत नसतं.

मराठीला हे नवं नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून किती सोंगं उभी केली! त्यांच्या एका भारुडातली सासुरवाशीण भवानी आईला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरच्या एकेकाचा काटा काढायला सांगते. सासरा, सासू, जाऊ करत यादी पार नवऱ्यापर्यंत जाते आणि शेवटी तिला एकटीला राहायचं असतं. ज्या देवीला हा नवस आहे तिचं तुळजापूर सोलापूरहून तासाभराच्या वाटेवर. तिथे जाणाऱ्या बायका आजही हे भारूड हसत हसत म्हणतात. बाईचं बोलणं शब्दशः घेतलं तर ती दुष्ट ठरते. सोंग ओळखलं की तिचा सासुरवास दिसतो. त्याच्याही खाली एकनाथांचा परमार्थ आहे, म्हणजे सगळे पाश तुटून जीव मोकळा व्हावा हे मागणं. ऐकणाऱ्यानं आपापल्या कुवतीप्रमाणे खाली उतरावं.

म्हणून उपहासाचा लेख हातात आला की पहिल्या परिच्छेदाशी थांबून स्वतःला विचारा : हा माणूस कोण आहे, त्याचा यात फायदा काय आणि कोणती गोष्ट त्याला अगदी नैसर्गिक वाटते आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की लेखाची किल्ली बहुधा हातात येते.

स्तुती चालली असेल तर सावध

शाळेत अलंकार शिकताना व्याजस्तुती नावाचा प्रकार पाठ केलेला आठवत असेल. वरून स्तुती, आतून निंदा. परीक्षेत दोन गुणांपुरता असलेला हा अलंकार उपहासाचा कणा आहे. सोलापुरी चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, कारण धागे तेच असतात. व्याजस्तुतीत शब्द तसेच राहतात, बाजू फिरते. त्यामुळे कौतुक प्रमाणाबाहेर जातंय किंवा नको त्या गोष्टीचं होतंय असं वाटलं की चादर उलटून बघायची.

या तंत्राचं सगळ्यात धारदार उदाहरण 1729 सालचं आहे. जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकानं निनावी पत्रक काढलं. आयर्लंडमध्ये दारिद्र्य भयंकर, जमीनदार बरेचसे इंग्लंडात बसून खंड खाणारे. पत्रकातला शांत, हिशेबी गृहस्थ उपाय सुचवतो : गरिबांची वर्षाची झालेली मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत. तो आकडेमोड करून दाखवतो. एक लाख वीस हजार मुलांपैकी वीस हजार पैदाशीसाठी राखावीत, बाकीची विकावीत. कुठेही आवाज चढत नाही. जमाखर्च मांडावा तसं सगळं.

त्यात दोन जागा शिकण्यासारख्या आहेत. एके ठिकाणी तो सहज म्हणून जातो, की हा पदार्थ महाग पडेल, पण जमीनदारांना तो शोभेल, कारण आईबापांना त्यांनी आधीच खाल्लं आहे, तेव्हा मुलांवरही हक्क त्यांचाच. इथे मुखवट्याला क्षणभर भेग पडते आणि आतला स्विफ्ट दिसतो. दुसरी जागा शेवटाकडे आहे. गृहस्थ बजावतो की दुसरे उपाय मला सांगू नका. मग ते उपाय एकेक करून मोजतो : परदेशी बसलेल्या जमीनदारांवर कर लावणं, देशातच तयार झालेला माल वापरणं, कुळांवर थोडी दया दाखवणं. म्हणजे लेखकाचं खरं म्हणणं त्यानं सोंगाच्याच तोंडी झिडकारून घेतलं आहे. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लिहिताना लागणार आहे.

वाचकानं भेग शोधावी ती अशी. संपूर्ण लेखात एखादं वाक्य असं असतं जिथे हसू येत नाही. तिथे परत जा.

नेम कुणावर?

एखाद्याच्या बोलण्याची, दिसण्याची, गरिबीची टिंगल केली आणि लोक हसले, तर ती टवाळी झाली. उपहासाचा नेम वागणुकीवर असतो, शक्यतो सत्ता किंवा प्रतिष्ठा असलेल्याच्या वागणुकीवर. सोलापूरसारख्या गावात हे जास्तच जपायला लागतं. इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते. विडी वळणाऱ्या पद्मशाली बाईच्या मराठीतला तेलुगू हेल काढून दाखवला की टाळी हमखास मिळते. पण त्यात तिनं केलं काय? तेच, कामगार दिनाला तिच्या कष्टांवर गहिवरून बोलणारा आणि मजुरीचा विषय निघताच घड्याळ बघणारा पाहुणा उभा करा. हेल तोच राहू द्या, पण आता तो हेल काढून बोलायचा प्रयत्न त्या पाहुण्याला करू दे, भाषणात आपुलकी दाखवण्यासाठी. हसू फिरून योग्य घरी जातं.

नेम नेहमी वरच असतो असंही नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली ती सगळ्यांसाठी. पण त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास ठेवला, शिकून सवरून मूर्ख राहणाऱ्याचा. यादीचा घाट किती कामाचा आहे बघा. एकापाठोपाठ एक लक्षणं ऐकताना आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवत असतो आणि कुठल्या तरी ओळीत स्वतःच सापडतो.

विडंबनाबद्दल एवढंच सांगतो, की मूळ गोष्ट वाचकाच्या ओळखीची हवी. केशवकुमार या नावानं अत्र्यांची 'झेंडूची फुले' 1925 साली आली तेव्हा त्यातली नक्कल कळली, कारण रविकिरण मंडळ या त्या काळच्या कविगटाच्या कवितेची ढब लोकांच्या कानात ताजी होती.

आता लिहायला बसू

विषय निवडताना मोठ्यावर झडप घालू नका. 'भ्रष्टाचार', 'व्यवस्था', 'आजची तरुण पिढी' या विषयांवर उपहास होत नाही, अग्रलेख होतो. जे रोज डोळ्यासमोर आहे आणि ज्याची आता कुणाला लाजही वाटत नाही, ते घ्या. आपण पाणीच घेऊ. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी येत नाही आणि पाहुण्यांना हे सांगताना आपला सूर बदलतही नाही. हे अंगवळणी पडणंच उपहासाचं खाद्य आहे.

पुढचं काम कंटाळवाणं, पण टाळू नये : माहिती गोळा करा. उपहासात सोंग खोटं असतं, सांगितलेली वस्तुस्थिती खोटी चालत नाही. एक आकडा चुकला की समोरचा त्या आकड्यावर बोलतो आणि मूळ मुद्दा सुटतो. आपल्या विषयात एक मासला तयारच आहे. भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट. त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न मोजला जाणारा तळाचा साठा. त्यामुळे धरणात ढळढळीत पाणी दिसत असताना पेपरात 'उजनी वजा पातळीत' अशी बातमी येते आणि चांगल्या पावसात तेच धरण शंभर टक्क्यांच्या वर जातं. यात काही लबाडी नाही, मोजण्याची पद्धत आहे. पण शून्याखाली आणि शंभरावर जाणारं धरण उशाशी असून नळ कोरडा, हे लिहायला अतिशयोक्ती लागतच नाही. कधी कधी तर दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून गप्प बसणं पुरतं : जिल्हा दुष्काळी आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत राज्यात आघाडीवर. मध्ये 'तरीही' घालू नका. तो वाचक घालेल.

मग बोलणारा ठरवा. इथे घाई करू नये, कारण लेखाचं नशीब इथेच ठरतं. वैतागलेला नागरिक पहिल्यांदा सुचतो आणि सगळ्यात निकामी असतो. तो खरंच बोलतोय, मग मुखवटा कुठला? निगरगट्ट अधिकारी चालेल, पण तो फार वेळा येऊन गेला आहे. बोलणारा नळ किंवा बोलणारं पिंप गोंडस वाटतं आणि तिसऱ्या वाक्याला दमतं. मला विचाराल तर ज्याचा या गैरसोयीत प्रामाणिक फायदा आहे असा माणूस शोधावा. पाणी रोज आलं तर ज्याचं नुकसान होईल असा. बॅरल विकणारा! त्याला दुष्ट करायचं नाही. तो भला, कष्टाळू, देवभोळा असू द्या. त्याचं साधं आभारपत्र असं सुरू होईल :

"मा. साहेब, सप्रेम नमस्कार. माझा बॅरलचा धंदा आहे. निळा, दोनशे लिटरचा, झाकणासकट. आपण चार दिवसांआड पाणी सोडता म्हणून माझी दोन्ही मुलं इंजिनीअर झाली. ती पुण्यात असतात. तिथे पाणी रोज येतं म्हणतात, पण त्यांना इथली सर नाही असं वाटतं."

घाट पत्राचा का? कारण घाट निम्मं काम स्वतः करतो. आपल्याकडे असे घाट भरपूर आहेत : मानपत्र, 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणणारं परिपत्रक, लग्नपत्रिका, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, नवस. यातल्या प्रत्येकाची ठरलेली भाषा वाचकाला पाठ आहे, त्यामुळे त्यात भलता मजकूर घातला की तो लगेच उठून दिसतो. भाषा मात्र काटेकोर उचला. परिपत्रक असेल तर जावक क्रमांक हवा आणि प्रत माहितीसाठी कुणाकुणाला ते खाली हवं. खड्ड्याचा वाढदिवस आणि खड्ड्यात झाड लावणं हे दोन प्रकार आता बाजूला ठेवावेत. पहिल्यांदा केलं त्याचं कौतुक, पण आता नगरसेवकसुद्धा त्यासोबत फोटो काढतो.

पायरी पायरीनं चढायचं

अतिशयोक्तीत नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत ही, की ते एका उडीत माळ्यावर जातात. दुसऱ्याच वाक्यात उंट येतात, वाळवंट येतं, वाचकाचा हात सुटतो. बॅरलवाल्याचं पत्र वाढवताना प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघालं पाहिजे, आणि त्याच्या डोक्यातल्या तर्कानं ते बरोबर वाटलं पाहिजे :

"पूर्वी घरटी एक बॅरल जायचा. आपल्या कृपेनं आता तीन जातात. गेल्या वर्षापासून लग्नात रुखवतावर बॅरल ठेवायची पद्धत आमच्या भागात पडली आहे. परवा एका स्थळाकडून पत्रिकेच्या आधी टाकी किती लिटरची ते विचारलं. मुलीकडच्यांनी हौद दाखवला. जागेवर सुपारी फुटली."

एक, तीन, रुखवत, स्थळ, सुपारी. शेवटच्या पायरीवर आपण अशक्याच्या जवळ पोचलो, पण कुठली पायरी गाळली नाही. लिहून झाल्यावर वाक्यं उलट क्रमानं वाचून बघा. क्रम बदलला तरी चालतंय असं वाटलं, तर चढण झालेलीच नाही.

आता भेग. पत्रात एक जागा अशी हवी जिथे विक्रेत्याच्या तोंडून, त्याच्याही नकळत, खरी कळ बाहेर येते :

"पाणी रात्री दोनला सुटतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका तेव्हा उठलेल्या असतात. सकाळी सहाला त्या कामाला जातात. जागृत नागरिक म्हणतात ते हेच, साहेब."

याच्या पुढे लगेच विनोद करू नका. परिच्छेद बदला, वाचकाला थोडं अवघडू द्या. आणि ही भेग एकच ठेवा. दोन झाल्या की मुखवटा गळतो आणि विक्रेत्याऐवजी लेखक बोलू लागतो.

मग स्विफ्टची युक्ती. तुम्हाला खरोखर जे हवं आहे ते विक्रेत्याला नको असू द्या :

"उजनीहून गावाला येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीची बातमी वाचली की माझ्या छातीत धडधडतं. वर काही मंडळी म्हणतात की गळती शोधा, वेळापत्रक लावा आणि ते पाळा. पाळा म्हणे! आपण सुज्ञ आहात. असल्या टोकाच्या विचारांना थारा देऊ नये, ही हात जोडून विनंती."

मागण्या सगळ्या आल्या, पण एकाही वाक्यात मागणी केलेली नाही. 'पाळा म्हणे' एवढ्या दोन शब्दांवर मी जास्त वेळ घालवेन. बोलीतला असा एखादा झटका सोंगाला माणूस करतो. सोलापुरी 'की ओ', 'काय बे' हाताशी आहेतच, पण फोडणीपुरते. सगळं पत्र त्यात लिहिलं तर नेम साहेबावरून हलून विक्रेत्याच्या बोलण्यावर जाईल, म्हणजे आपण परत त्या हेल काढणाऱ्यांच्या ओळीत.

पत्र संपवायचं कसं? विक्रेत्याच्या सहीनं. 'तात्पर्य', 'थोडक्यात काय तर', 'आता तरी प्रशासन जागं होईल का?' या तिन्ही शेवटांना कात्री लावा. वाचकाला कळलं नसेल तर तात्पर्यानं कळणार नाही, आणि कळलं असेल तर त्याचा अपमान होईल. फार तर ताजा कलम : "आपल्या घरी किती लागतील ते कळवावं. झाकणं माझ्याकडून."

खरडा झाल्यावर

विशेषणं काढा. 'निर्लज्ज', 'ढिसाळ', 'गेंड्याच्या कातडीचे' हे शब्द रागाचे आहेत आणि विक्रेता रागावलेला नाही. उद्गारचिन्हं मोजून ठेवा. बातमीतून घेतलेला प्रत्येक तपशील पुन्हा तपासा. आणि लेख मोठ्यानं, चेहरा गंभीर ठेवून वाचा. जिथे तुम्हालाच हसू आवरत नाही तिथे बहुधा तुम्ही वाचकाला डोळा मारलेला असतो. तेवढा शब्द खोडा.

कायद्याचंही बघायला लागतं. 1 जुलै 2024 पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली येतो. 'खरं आहे म्हणून लिहिलं' एवढ्यानं भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवायला लागतं. लोकसेवकाच्या कामावर सद्हेतूनं मत मांडायला मात्र त्यात मोकळीक आहे. म्हणून व्यक्तीपेक्षा पद आणि काम धरा. खऱ्या माणसाच्या तोंडी काल्पनिक वाक्यं घालणं तर पूर्ण टाळा. सोंग काल्पनिकच असावं, खऱ्या दुकानाचं नाव, बोधचिन्ह, खऱ्या कार्यालयाचं हुबेहूब लेटरहेड वापरू नये. असा कागद मोबाइलवर फिरताना वरची ओळ गळते, चित्र तेवढं उरतं आणि कुणीतरी खरंच रांगेत जाऊन उभं राहतं. 'उपहासात्मक लेख' ही पट्टी लावली तर बिघडत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. पट्टी कापली तरी वाचकाला सोंग ओळखता यावं, इतकी खूण मजकुराच्या आतच हवी. रुखवतातला बॅरल ते काम करतो.

शेवटी तिघांना वाचायला द्या. एक गावातला, ज्याला सगळं माहीत आहे. तो हसला पाहिजे. दुसरा बाहेरचा, पुण्याचा किंवा लातूरचा चालेल. त्याला प्रश्न पडला की 'खरंच रात्री दोनला?' तर लेख जमला. प्रश्न 'समांतर म्हणजे काय?' असा असेल तर एखादं वाक्य घालायला लागेल, आणि तेही विक्रेत्याच्याच तोंडून. तिसरा जिच्याबद्दल लिहिलंय ती, रात्री दोनला उठणारी बाई. तिला वाचून दाखवा. ती साहेबावर हसली तर लेख पाठवा. ती ओशाळली तर नेम चुकलाय, आणि तो बहुतेक भेगेच्या परिच्छेदातच चुकलेला असतो. तिथून पुन्हा लिहा.